जन्माचें दुखणें आणि घराचा भार

इतिहासकारांचें लक्ष साथींकडे सहज जातें. पटकी आली, देवी आल्या, १८९६ सालीं मुंबईंत प्लेग शिरला, म्हणजे त्यांची नोंद सरकारी दप्तरांत होते, वर्तमानपत्रांत होते, आणि पुढें ग्रंथांतही होते. परंतु जें दुखणें एकाच घरांत शिरतें आणि वीस-वीस, पंचवीस-पंचवीस वर्षें तेथेंच मुक्काम ठोकतें, त्याची बखर कोणी लिहीत नाहीं. त्या दुखण्यानें गांव ओस पडत नाहीं. एक आई मात्र हळूहळू झिजत जाते, एक बाप कर्जांत बुडतो, आणि आजारी मुलाचीं भावंडें वयापूर्वींच पोक्त होतात. प्रस्तुत लेखांत नाशिक जिल्हा डोळ्यांपुढें ठेवून, जन्मतःच रक्ताचा विकार घेऊन आलेल्या मुलांच्या कुटुंबांस आजवर कोणी, केव्हां आणि कसा आधार दिला, व कोणता आधार अद्याप मिळावयाचा आहे, याचा विचार करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

हे विकार मुख्यतः तीन. पहिला सिकलसेल. यांत रक्तांतील तांबड्या पेशी प्राणवायु कमी पडतांच विळ्यासारख्या वांकड्या होतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात, आणि मुलाचीं हाडें व सांधे असह्य ठणकूं लागतात. दुसरा थॅलेसीमिया. यांत शरीराला पुरेसें रक्तच तयार करतां येत नाहीं. म्हणून मुलास दर दोन ते चार आठवड्यांनीं दुसऱ्याचें रक्त चढवावें लागतें, आणि तें जन्मभर. तिसरा हिमोफिलिया. यांत रक्त गोठविणारें एक द्रव्य अपुरें असतें, त्यामुळें साध्या मुक्या मारानेंही गुडघ्यांत, कोपरांत रक्तस्राव होऊन सांधा कायमचा आंखडतो. हा विकार बहुशः मुलग्यांत दिसतो. तिन्ही विकारांत एक गोष्ट समान आहे. मूल कांहीं दिवस बरें दिसतें, खेळतें, शाळेंत जातें. आणि मग एके रात्रीं अचानक सारें घर जागें होतें. रोग गेला असें कधीं म्हणतां येत नाहीं, आणि रोगी गेला असेंही कित्येक वर्षें म्हणावें लागत नाहीं. या मधल्या स्थितींत राहणाऱ्या कुटुंबाची व्यथा हाच आमचा विषय.

पूर्वींच्या काळीं अशा मुलांचें काय होत असे? दप्तर या बाबतींत जवळजवळ मुकें आहे. इंग्रजी अमदानींत गांवोगांव मृत्यूच्या नोंदी ठेवण्याची पद्धत पडली, तेव्हां मरणाचीं कारणें मोजक्या सदरांत कोंबलेलीं असत : पटकी, देवी, ताप, पोटाचे विकार, इजा, आणि मग 'इतर'. सुरगाणें-पेठच्या डोंगरांत सिकलसेलनें अशक्त झालेलें एखादें मूल पावसाळ्यांत दगावलें, तर तें बहुधा 'ताप' या सदरांत जमा झालें असावें. बालमृत्यूचें प्रमाणच त्या काळीं एवढें मोठें होतें कीं, एकाच घरांत दोन-तीन मुलें जाणें ही नवलाची गोष्ट नव्हती. म्हणून आम्हांस असें म्हणावेंसें वाटतें कीं, हे रोग प्राचीन आहेत, परंतु वर्षानुवर्षें आजारी राहणारें मूल हें बऱ्याच अंशीं विसाव्या शतकाचें अपत्य आहे. लस, स्वच्छ पाणी, जंतुनाशक औषधें आणि रक्त चढविण्याची सोय यांनीं त्याला जगविलें. आणि तें जगलें म्हणूनच त्याच्या घराचा प्रश्न उभा राहिला.

दप्तर मुकें असलें तरी लोकाचार मुका नव्हता. मूल जन्मल्यावर पांचव्या-सहाव्या रात्रीं सटवाई येऊन त्याच्या कपाळीं लेख लिहिते, ही समजूत आपल्याकडे घरोघर होती. मूल सारखें आजारी पडूं लागलें म्हणजे वणीच्या सप्तशृंगीस नवस बोलावा, चैत्रांत किंवा नवरात्रांत गड चढून तो फेडावा, ही चाल नाशिक-खानदेशांत आजही पाहावयास मिळते. सुशिक्षितांनीं या गोष्टीस हंसणें सोपें आहे. तथापि नवसाचा एक गुण नाकारतां येत नाहीं. तो एकट्यानें फेडावयाचा नसतो. गडाच्या वाटेवर भाऊबंद बरोबर असतात, गांवचीं माणसें असतात, आणि तेवढे चार दिवस तरी मुलाचें दुखणें ही साऱ्या गोताची बाब होते. औषध म्हणून नवस निष्फळ असेल. सोबत म्हणून तो निष्फळ नव्हता.

याच लोकाचाराची दुसरी बाजू मात्र क्रूर आहे. मुलाच्या दुखण्याचा दोष शोधावयाचा म्हणजे तो आईच्या माथीं यावयाचा, हा जणूं नियमच होता. तिच्या पायगुणाचा उद्धार होई, तिच्या माहेरचा कुलदोष निघे, कोणी करणी केली म्हणून देवऋषी बोलावला जाई. आणि क्वचित् तिच्या उरावर सवतही आणिली जाई. विज्ञानानें या आरोपाचें पुरतें खंडन केलें आहे. सिकलसेल व थॅलेसीमिया यांचें बीज आई आणि बाप या दोघांकडूनही यावें लागतें. दोघेही स्वतः धडधाकट दिसणारे वाहक असतात, आणि त्यांच्या प्रत्येक अपत्यास रोग होण्याचा संभव चारांत एक असतो. हिमोफिलियाचें बीज आईकडून येतें हें खरें. परंतु सुमारें एक तृतीयांश रोग्यांत तो घराण्यांत पूर्वीं कधींच नसतां नव्यानें उद्भवतो. ज्या गोष्टीवर माणसाची सत्ता नाहीं तिच्याबद्दल त्याला अपराधी ठरविणें हा न्याय नव्हे. मग ती सासू असो वा समाज असो.

आणि हें दुःख केवळ गरिबाच्या झोपडीचें होतें असेंही नाहीं. इंग्लंडची राणी व्हिक्टोरिया हिचा धाकटा मुलगा लिओपोल्ड हा हिमोफिलियानें पीडित होता. १८८४ सालीं एका साध्या पडण्याचें निमित्त होऊन तो ऐन तिशींत वारला. तिची नात अलेक्झांड्रा रशियाची सम्राज्ञी झाली, आणि १९०४ सालीं जन्मलेला तिचा मुलगा, युवराज अलेक्सी, हाही त्याच विकाराचा धनी ठरला. राजवाड्यानें हा रोग प्रजेपासून लपवून ठेविला. जगांतले नामांकित वैद्य हात टेकून बसले तेव्हां ती आई रासपुतिन नांवाच्या एका बैराग्याच्या भजनीं लागली, आणि त्याचे परिणाम इतिहासास ठाऊकच आहेत. रशियाच्या राज्यक्रांतीस इतरही शेंकडों कारणें होतीं. परंतु लपविलेलें दुखणें आणि एकटी पडलेली आई यांचा मिलाफ किती अनर्थकारक असतो, हें समजण्यास याहून ठळक उदाहरण मिळणें कठीण. रशियाच्या सम्राज्ञीस जें साधलें नाहीं तें पेठ तालुक्यांतल्या एखाद्या मजूर बाईस एकटीनें साधावें, अशी अपेक्षा आपण कशी करावी?

विसाव्या शतकानें या रोगांस प्रथम नांवें दिलीं. १९१० सालीं शिकागो येथील डॉक्टर जेम्स हेरिक यांनीं विळ्याच्या आकाराच्या रक्तपेशींचें वर्णन प्रसिद्ध केलें. १९२५ सालीं अमेरिकेंतच टॉमस कूली यांनीं थॅलेसीमिया झालेल्या मुलांचें वर्णन केलें. १९४९ सालीं लायनस पॉलिंग व त्यांचे सहकारी यांनीं दाखवून दिलें कीं, सिकलसेल हा रक्तांतील हिमोग्लोबिनच्या घडणींतल्याच दोषाचा परिणाम होय. १९५२ सालीं तो विकार भारतांत, नीलगिरीच्या डोंगरी जमातींत, आढळल्याचें प्रसिद्ध झालें, आणि पुढें विदर्भांत, सातपुड्यांत व सह्याद्रीच्या पट्ट्यांतही तो असल्याचें दिसून आलें. याच सुमारास, १९५४ सालीं, अँथनी ॲलिसन यांनीं आणखी एक मर्म उलगडलें. ज्याच्या अंगीं सिकलसेलचें एकच बीज असतें त्या वाहकास हिवतापापासून कांहीं अंशीं संरक्षण मिळतें. म्हणजे हिवतापानें ग्रासलेल्या रानांत पिढ्यान् पिढ्या तगून राहण्याची जी किंमत पूर्वजांनीं मोजली, तिचें व्याज आज त्यांचीं नातवंडें भरीत आहेत. यांत कोणत्याही जमातीस कमीपणा नाहीं.

नाशिक जिल्ह्याची रचना पाहिली म्हणजे हा प्रश्न येथें कसा बसला आहे तें ध्यानांत येतें. पूर्वेकडे गोदाकांठची सपाटी, निफाड-दिंडोरीचे द्राक्षमळे. पश्चिमेस सुरगाणें, पेठ, त्र्यंबक, इगतपुरी यांचा डोंगराळ मुलूख. तेथें कोकणा, वारली, महादेव कोळी, भिल्ल, ठाकूर या जमातींची वस्ती. भाताची आणि नागलीची एका पावसाची शेती संपली कीं हीं कुटुंबें सपाटीवरच्या मळ्यांत मजुरीस उतरतात. इकडे नाशिक-देवळालीकडे १९४७ च्या फाळणीनंतर सिंधी निर्वासित कुटुंबें येऊन स्थायिक झालीं. आणि थॅलेसीमियाचें बीज सिंधी समाजांत पुष्कळ प्रमाणांत आढळतें, हें वैद्यांस ठाऊक आहे. हिमोफिलिया तर कोणतीच जात पाहत नाहीं. अशा रीतीनें बंगल्यांतलें एक मूल आणि पाड्यावरचें एक मूल जिल्हा रुग्णालयांत शेजारशेजारच्या खाटांवर येऊन पडतात. रोगानें केलेली ही समता. परंतु तेथवर पोंचण्याची वाट मात्र दोघांची समान नाहीं.

येथें एका फरकाकडे वाचकांचें लक्ष वेधणें अवश्य आहे. पूर्वींच्या औषधानें रोगी बरा होई किंवा मरे. नव्या औषधानें तो जगतो, परंतु औषधाचें काम घराकडे येतें. याचें पहिलें ठळक उदाहरण मधुमेहाचें. १९२२ च्या जानेवारींत टोरांटो येथें लेनर्ड टॉमसन नांवाच्या चौदा वर्षांच्या मुलास प्रथम इन्शुलिन टोंचण्यांत आलें. त्यापूर्वीं अशीं मुलें उपासमारीच्या पथ्यावर कांहीं महिने कशींबशीं तगत. इन्शुलिननें त्यांस जीवदान दिलें, परंतु रोज सुई टोंचणें, अन्न मोजणें, रात्रीं उठून मूल शुद्धीवर आहे कीं नाहीं हें पाहणें, हीं कामें आईबापांच्या गळ्यांत आलीं. थॅलेसीमियाचेंही तसेंच झालें. वरचेवर रक्त चढविल्यानें शरीरांत लोह सांचतें आणि काळीज निकामी होऊं लागतें. तें लोह काढण्याचें औषध निघालें, पण तें पोटाच्या कातडीखालीं सुई खुपसून, लहानशा पंपानें, रात्रीचे आठ-दहा तास, आठवड्यांतून पांच-सहा रात्रीं द्यावें लागे. पुढें १९९० नंतरच्या दशकांत तोंडानें घेण्याचें औषध भारतांत मिळूं लागलें, तेव्हां कित्येक आयांस वर्षांनंतर पहिल्यानें सलग झोंप मिळाली असेल. वैद्यकाच्या इतिहासांत औषधें शोधणारांचीं नांवें आहेत. तें औषध वीस वर्षें न चुकतां देणाऱ्या हातांचें नांव त्यांत नाहीं.

रक्ताची कथाही अशीच बोधप्रद आहे. दर तीन आठवड्यांनीं रक्त म्हटलें तर वर्षाकांठीं सतरा खेपा होतात, आणि मूल अठरा वर्षांचें होईपर्यंत अडीचशेंहून अधिक. एके काळीं हें रक्त विकत घ्यावें लागे, आणि विकणारे बहुधा पोटासाठीं आपलें रक्त विकणारे कंगाल लोक असत. १९९६ सालीं सर्वोच्च न्यायालयानें हा धंदा बंद करण्याचा आदेश दिला आणि १९९८ पासून तो बंद झाला. निर्णय योग्यच होता. परंतु त्यानंतरही पुष्कळ ठिकाणीं बाटलीच्या बदल्यांत रक्तदाता आणा, ही अट राहिली. मग दर तीन आठवड्यांनीं बापानें नातेवाईकांच्या, सोबत्यांच्या, अखेर ओळखीपाळखीच्यांच्या दारीं जावें, आणि हळूहळू लोकांनीं त्यास पाहून वाट बदलावी, असा प्रकार होई. सतत मागावें लागणें हें दारिद्र्यापेक्षां अधिक माणसाला वांकवितें. २०१४ सालीं राष्ट्रीय रक्त संक्रमण परिषदेनें अशा रोग्यांस प्रक्रियेचा आकार न घेतां रक्त द्यावें असें ठरविलें, तेव्हां पैशाइतकेंच या याचनेचेंही ओझें उतरण्याची वाट मोकळी झाली.

हे बदल आपोआप झाले नाहींत. त्यांच्यामागें बहुतेक वेळीं रोगी आणि त्यांचे आईबाप होते. १९६३ सालीं फ्रँक श्नाबेल या स्वतः हिमोफिलिया असलेल्या गृहस्थानें जागतिक संघटना स्थापन केली. भारतांत १९८३ सालीं अशोक वर्मा यांनीं, तेही त्याच विकारानें ग्रस्त असतां, हिमोफिलिया फेडरेशन स्थापिलें. आणि पुढें नाशिकसह अनेक शहरांत तिच्या शाखा निघाल्या. त्याच दशकांत जगभर एक भयंकर अनर्थ घडला. गोठण्याचें द्रव्य ज्या रक्तापासून काढीत त्यांतून एड्सचा विषाणु हजारों हिमोफिलियाग्रस्तांच्या अंगांत शिरला. ज्या औषधानें वांचावयाचें त्यानेंच मारलें. त्या आघातानंतर शुद्ध औषधाचा आग्रह धरणारे, न्यायालयांची दारें ठोठावणारे लोकही प्रामुख्यानें हेच रोगी व त्यांचे आप्त होते. अशा संघटनांचें खरें महत्त्व अर्ज-विनंत्यांहून निराळें आहे. पांच वर्षांच्या आजारी मुलाची आई तेथें पंचवीस वर्षांचा, नोकरी करणारा, हंसणारा रोगी डोळ्यांनीं पाहते. असा धीर कोणत्याही औषधाच्या बाटलींत मिळत नाहीं.

सरकारनेंही पुढें पावलें टाकलीं, हें मोकळ्या मनानें सांगितलें पाहिजे. शाळा व अंगणवाड्यांतील मुलांची तपासणी करणारा राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ सालीं सुरू झाला, आणि त्याचा आरंभ नाशिकच्या शेजारीं पालघर येथेंच झाला. त्या दशकांत नाशिक, ठाणें, सातारा व अमरावती येथील जिल्हा रुग्णालयांत या तिन्ही रक्तविकारांसाठीं एकत्रित उपचारकेंद्रें उघडलीं. त्यापूर्वीं अशा उपचारांसाठीं मुंबई-पुण्याची वाट धरावी लागे. २०१६ च्या दिव्यांगांविषयींच्या कायद्यानें सात प्रकारांच्या जागीं एकवीस प्रकार मान्य केले व त्यांत हे तीनही विकार घातले. एस्. टी.च्या प्रवासांत सवलत मिळाली. २०२३ च्या १ जुलैस मध्यप्रदेशांतील शहडोल येथें सिकलसेल निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम जाहीर झाली, आणि २०४७ पर्यंत तिचें उद्दिष्ट गांठावयाचें ठरलें.

तथापि 'निर्मूलन' या शब्दाविषयीं आम्हांस थोडी भीति वाटते. निर्मूलन रोगाचें करावयाचें आहे. जें मूल आज जन्मास आलेलें आहे तें या शब्दांत कोठें बसतें? तपासणीच्या मोहिमा निघतात, रक्ताचे थेंब घेतले जातात, हातांत चिठ्ठी पडते, आणि पुष्कळदां पुढें कांहींच होत नाहीं. गडचिरोलींत काम करणारे डॉक्टर अभय व राणी बंग यांनीं १९८६ नंतरच्या आरंभीच्या वर्षांत सिकलसेलचीच पाहणी हातीं घेतली होती. पुढें हा प्रश्न लोकांनीं आपला म्हणून मांडलेला नव्हता, असें त्यांनीं स्वतःच मोकळेपणानें सांगितलें, आणि लोकांस विचारून काम करण्याचा मार्ग धरिला. ज्यास मदत करावयाची त्यास प्रथम विचारावें, हा धडा साधा खरा, पण मोहिमांच्या गर्दींत तो नेहमीं मागें पडतो.

विचारलें तर हीं कुटुंबें काय सांगतील? पहिली गोष्ट वेळेची आणि मजुरीची. सुरगाणें नाशिकपासून सुमारें नव्वद किलोमीटर. औषध फुकट असलें, तिकीट माफ असलें, तरी मुलाबरोबर जाणाऱ्या आईचा दिवस बुडतो, आणि ज्या घरीं रोजावर चूल पेटते तेथें बुडालेला दिवस म्हणजे न शिजलेलें अन्न. दुसरी गोष्ट विसाव्याची. आजारी मुलाच्या आईस आठवड्यांतून चार तास कोणी मोकळें करील, अशी सोय आपल्या कोणत्याही योजनेंत नाहीं. पूर्वीं एकत्र कुटुंबांत आजी, काकू, आत्या होत्या. दोष देणाऱ्याही त्याच होत्या, परंतु मूल मांडीवर घेणाऱ्याही त्याच होत्या. ते हात गेले आणि त्यांच्या जागीं दुसरे आले नाहींत. तिसरी गोष्ट शाळेची. डोंगरांतलीं पुष्कळ मुलें आश्रमशाळांत राहतात. सिकलसेलच्या मुलानें भरपूर पाणी प्यावें, थंडी-पावसांत भिजूं नये, अतिश्रम करूं नयेत, ताप आल्यास त्यास तत्काळ दवाखान्यांत न्यावें, एवढें जरी अधीक्षकांस व स्वयंपाकिणीस नीट ठाऊक असलें, तरी अनेक रात्रींचें रडणें वांचेल. आदिवासी विकास आयुक्तालय नाशकांतच आहे आणि आरोग्यविज्ञान विद्यापीठही १९९८ पासून नाशकांतच आहे. या दोन दारांमधलें अंतर सुरगाण्याच्या वाटेइतकें लांब खचित नाहीं.

चौथी गोष्ट नाजूक आहे. तपासणीचें पत्रक हातीं आलें म्हणजे लग्नाच्या बाजारांत त्याचें काय होणार? वाहक मुलगा आणि वाहक मुलगी यांनीं विवाहापूर्वीं आपली स्थिति जाणून घ्यावी, हें शास्त्र सांगतें तें योग्यच. परंतु पत्रक मुलाचें असलें तर तें पेटींत ठेवावयाचें आणि मुलीचें असलें तर तिला नाकारावयाचें, असें होऊं लागलें तर आपण जुन्याच पायगुणाला नवें शास्त्रीय नांव दिलें असें होईल. सायप्रससारख्या लहान देशानें १९७० नंतर लोकशिक्षण, विवाहपूर्व तपासणी व सल्ला यांच्या बळावर नव्या थॅलेसीमियाग्रस्त बालकांची संख्या जवळजवळ शून्यावर आणिली. परंतु त्याबरोबरच आधीं जन्मलेल्या मुलांच्या उपचारांचीही तरतूद केली. दोन्ही हात एकदमच चालले म्हणून लोकांनीं विश्वास ठेविला.

शेवटीं, हें वाचणाऱ्या कुटुंबांस आमचें सांगणें थोडकेंच आहे. ऐन उन्हाळ्यांत, महाविद्यालयें बंद असतात आणि लोक परगांवीं जातात, तेव्हां रक्तपेढ्यांतील सांठा आटतो. पण थॅलेसीमियाच्या मुलाचे तीन आठवडे उन्हाळ्यासाठीं थांबत नाहींत. घरांतील कोणी सुदृढ माणूस वाढदिवसास रक्त देतो. त्यानें तें चैत्र-वैशाखांत द्यावें. ज्यांच्या मळ्यांत डोंगरांतलीं कुटुंबें मजुरीस येतात त्यांनीं रुग्णालयाच्या वारीचा दिवस भरपगारी धरावा. वर्षाच्या हिशेबांत ती रक्कम मोठी नाहीं. आणि आपल्या वाड्यांत, आळींत, नात्यांत असें एखादें मूल असेल, तर त्याच्या आईस सल्ला देण्याचा मोह आवरावा, आणि एखाद्या दुपारीं तिच्या मुलापाशीं जाऊन बसावें, म्हणजे ती तेवढा वेळ निजेल.